सप्रेसर लावल्यावर कोण जास्त गप्प: .२२, ९ मिमी की .४५?

“.४५ मुळातच सबसॉनिक, म्हणून सप्रेसरवर तीच सगळ्यात शांत.” अमेरिकेतल्या गन शॉपच्या काउंटरवर हे वाक्य इतक्या ठामपणे ऐकवलं जातं की नवखा माणूस ते खरं मानून हजार डॉलर मोजून मोकळा होतो. सप्रेसर म्हणजे बंदुकीचा आवाज दाबायला नळीच्या तोंडाला लावायचं नळकांडं, सबसॉनिक म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा हळू जाणारी गोळी, आणि .२२, ९ मिमी, .४५ ही काडतुसांची मापं. काउंटरवरच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. ‘म्हणून’पासून पुढे गडबड आहे.

गोळी सुटताना कानावर येणारा आवाज एका जागेचा नसतो. नळीच्या तोंडातून गरम वायू दाबाखाली बाहेर फुटतो, तो पहिला आणि सगळ्यात मोठा. गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा जोरात जात असेल तर वाटभर चाबकासारखा कडाका उठतो, तो दुसरा. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागेपुढे आपटते आणि काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडताना त्या खिडकीतून थोडा वायू निसटतो, तो तिसरा. शेवटी गोळी जिथे लागते तिथला आवाज. सप्रेसर यातल्या फक्त पहिल्याचा बंदोबस्त करतो. दुसऱ्याचं उत्तर काडतुसाच्या डब्यात आहे, तिसऱ्याचं पिस्तुलाच्या रचनेत, आणि चौथ्याला इलाज नाही. लोखंडी पाटीवर मारलंत तर पाटीची ठणठणच शेजाऱ्याला आधी ऐकू जाईल.

सबसॉनिक असणं म्हणजे फक्त दुसरा आवाज मिटणं. वायूचा फुटणारा आवाज किती उरेल हे तीन गोष्टींवर ठरतं: किती दारू जळते, गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीत किती दाब उरलेला असतो, आणि सप्रेसरमधून गोळी जाण्यासाठी ठेवलेलं भोक किती मोठं आहे. या तिसऱ्या मुद्द्यावर .४५ मार खाते. ९ मिमीची गोळी ९ मिमीच्या थोडी वर, .४५ ची साधारण ११.५ मिमी. दोन वर्तुळांचं क्षेत्रफळ काढा: .४५ चं भोक दीडपटीहून मोठं भरतं. प्रत्येक बॅफलमध्ये, म्हणजे सप्रेसरच्या आतल्या प्रत्येक पडद्यात, एवढं मोठं भोक असलं की वायू आतल्या खोल्यांमध्ये घुटमळत नाही, गोळीच्या पाठोपाठ सरळ बाहेर पळतो. त्यात .४५ मध्ये जळणारी दारूही ९ मिमीच्या जड गोळीमागे असते त्यापेक्षा जास्त. .४५ च्या कमाल दाबाची मर्यादा २१,००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड) आणि ९ मिमीची ३५,००० हे खरं, आणि काउंटरवाले हाच आकडा पुढे करतात. पण तो दाब चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या खोबणीतला आहे. तोंडाशी उरलेला दाब वेगळा.

सुक्या, म्हणजे आत पाणी न घातलेल्या सप्रेसरवर, नळीच्या तोंडापासून एक मीटर बाजूला मोजलं तर साधारण चित्र असं दिसतं: .२२ एलआरचं पिस्तूल ११३ ते ११८ डेसिबल, सबसॉनिक ९ मिमी १२५ ते १३३, आणि .४५ एसीपी १३० ते १३७. सप्रेसरशिवाय ९ मिमी आणि .४५ दोन्ही १६० च्या आसपास. अमेरिकेत कामाच्या जागी एका झटक्याच्या आवाजाला १४० डेसिबलची मर्यादा धरतात, म्हणजे तिन्ही त्याच्या आत येतात. पण ‘आत’ म्हणजे कानाला निर्धोक नव्हे, विशेषतः दिवसभरात दोनशे गोळ्या झाडणार असाल तर. सिनेमातला ‘फुस्स’ कुठल्याच कॅलिबरमध्ये मिळत नाही. .२२ चा आवाज मोठा स्टेपलर जोरात दाबल्यासारखा येतो. ९ मिमीचा, पत्र्याच्या टेबलावर जाडजूड शब्दकोश आपटावा तसा.

हे आकडे मोबाइलच्या ॲपवर पडताळायला जाऊ नका. बंदुकीच्या आवाजाचं शिखर काही मायक्रोसेकंदांत येऊन जातं आणि फोनचा माइक तोवर जागाही होत नाही. फोनवर .२२ आणि .४५ जवळपास सारखे दिसतात, आणि त्यावर लोक व्हिडिओ काढतात. लष्करी मानकानुसार माइक जमिनीपासून १.६ मीटर उंच, नळीच्या तोंडाशी काटकोनात एक मीटर डावीकडे ठेवतात. दोन सप्रेसरांची तुलना करताना अशीच मांडणी असल्याची खात्री नसेल तर ३ डेसिबलच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता डब्याकडे. अमेरिकेत गोळीचं वजन ग्रेनमध्ये छापतात. सोनाराची एक गुंज म्हणजे जेमतेम दोन ग्रेन, एवढं लक्षात ठेवलं की अंदाज येतो. ९ मिमीच्या सर्वसाधारण, स्वस्त डब्यात ११५ ग्रेनची गोळी असते आणि ती ११५० ते ११८० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटते. हवेत २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग ११२५ फुटांच्या आसपास, म्हणजे ही सुपरसॉनिक. १२४ ग्रेनची अगदी कुंपणावर. १४७ ग्रेनची, जवळजवळ साडेनऊ ग्रॅम, ९५० ते १००० फुटांवर जाते आणि निवांत सबसॉनिक राहते. नव्या सप्रेसरवर हौसेने ११५ ग्रेनचा डबा रिकामा करून ‘एवढे पैसे घालून हाच आवाज?’ म्हणणारे खूप. दोष सप्रेसरचा नसतो. त्याने आपलं काम केलेलं असतं, बाकीचा कडाका गोळीचा असतो.

कुंपणावरच्या १२४ ग्रेनचं प्रकरण हवामानावर फिरतं. ध्वनीचा वेग उंचीवर नाही, तापमानावर अवलंबून आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात ४० अंशांना तो सुमारे ११६५ फूट, मिनेसोटाच्या हिवाळ्यात उणे १० ला सुमारे १०६५. म्हणजे ऑगस्टमध्ये गप्प राहणारा १११० फुटांचा डबा जानेवारीत कडाडू शकतो. थंडीत दारूचा जोरही थोडा कमी होतो, पण त्या भरवशावर राहू नये. ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ गेलेली गोळीही थोडी ‘बोलतेच’, म्हणून वर्षातल्या सगळ्यात थंड दिवसाचा आकडा धरून त्याखाली पन्नास फूट सोडावेत. डब्यावरचा वेग किती लांबीच्या नळीतून मोजला तेही पाहावं. चार इंची नळीतून सबसॉनिक निघालेली १२४ ग्रेनची गोळी सोळा इंची कार्बाइनमधून, म्हणजे आखूड रायफलमधून, सर्रास सुपरसॉनिक होते.

.२२ मध्ये याच्या उलट मजा आहे. ‘हाय व्हेलॉसिटी’ म्हणून १२३५ फूट छापलेली ४० ग्रेनची गोळी रायफलमधून तेवढी धावते, चार-साडेचार इंची पिस्तुलातून मात्र बहुतेक वेळा ध्वनीच्या वेगाच्या खालीच राहते. त्यामुळे पिस्तुलासाठी ‘सबसॉनिक’ किंवा ‘सप्रेसर’ अशी चिठ्ठी लावलेला महाग डबा घेणं गरजेचं नाही. सीसीआय या काडतूस कंपनीची १०७० फूट छापलेली साधी स्टँडर्ड व्हेलॉसिटी पुरे. याच कंपनीची ७१० फुटांची क्वाएट-२२ अगदीच मवाळ आहे, पण तिच्या जोरावर अर्धस्वयंचलित पिस्तुलात पुढची गोळी आपोआप भरली जाईल याची खात्री नाही. एकेक गोळी हाताने भरायची असेल तर ती घ्या.

.२२ एवढी शांत का, याचं उत्तर वरच्याच तीन मुद्द्यांत आहे. दारू ग्रेन-दीड ग्रेन, तीही छोट्या नळीत जवळजवळ संपून गेलेली, आणि भोकाचं क्षेत्रफळ ९ मिमीच्या निम्म्याहून कमी. तिसऱ्या आवाजाची जमेची बाजूही आहे: रुगर मार्क ४ सारख्या पिस्तुलात नळी पक्की बसवलेली असते आणि स्लाइडऐवजी मागेपुढे होणारा बोल्ट हलका असतो, त्यामुळे खडखड कमी. फक्त पहिली गोळी फसवते. सप्रेसरच्या आत साध्या हवेतला ऑक्सिजन भरलेला असतो. पहिल्या गोळीचा न जळालेला वायू तिथे पेट घेतो आणि पुढच्या गोळ्यांपेक्षा ती स्पष्ट मोठी वाजते. दुसरीपासून आत फक्त धूर असतो. हा फरक .२२ मध्ये जास्त कानात भरतो, कारण बाकी सगळंच शांत असतं.

.४५ मध्ये काहीच राम नाही असं नाही. २३० ग्रेनची, पंधरा ग्रॅमच्या आसपासची गोळी ८३० ते ८५० फुटांनी जाते, जानेवारी असो की ऑगस्ट, आणि बाजारातला कुठलाही सर्वसाधारण डबा उचलला तरी चालतो. आवाजाचा पोतही वेगळा असतो, खर्जातला, आणि अनेकांना तो आकड्यापेक्षा सौम्य वाटतो. कान आकडे वाचत नाहीत, हेही खरं. पण त्यासाठी सप्रेसर जाड आणि लांब, साधारण आठ-नऊ इंची घ्यावा लागतो आणि पिस्तुलाचं नाक खाली ओढलं जातं. हातात आधीच १९११ किंवा तसं दुसरं .४५ असेल तर जरूर घ्या. फक्त शांततेसाठी .४५ चं पिस्तूल विकत घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही.

‘.४५ चा एकच सप्रेसर घ्या, ९ मिमीलाही चालेल’ असंही सांगतात. चालतो. पण मोठ्या भोकातून ९ मिमीचा वायू आरामात पळतो आणि काही डेसिबल हातचे जातात. शिवाय वजन वाहायचं ते वेगळंच. पुढचं झाकण बदलून ९ मिमीचं लहान भोक बसवता येत असेल तर नुकसान थोडं भरून निघतं.

.३८० एसीपी कागदावर आदर्श वाटते: ९५ ग्रेन, ९५० फूट, दाब कमी, आणि ९ मिमीच्याच सप्रेसरमधून जाते. अडचण पिस्तुलांची आहे. नळीच्या तोंडाला आटे असलेली .३८० ची पिस्तुलं मोजकीच, आणि जुन्या धाटणीच्या बऱ्याच पिस्तुलांत ब्लोबॅक रचना असते. त्यात स्लाइडला कुलूप नसतं, फक्त वजन आणि स्प्रिंग तिला रोखतात. सप्रेसरने मागचा दाब वाढला की स्लाइड लवकर उघडते आणि वायू पुंगळीच्या खिडकीतून, म्हणजे थेट तुमच्या चेहऱ्याकडे, बाहेर येतो. नळीच्या तोंडाशी कमावलं ते तिथे घालवलं.

.३२ ला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एसओई या गुप्त कारवायांच्या संघटनेने वेलविनजवळच्या आपल्या नऊ नंबरच्या केंद्रात वेलरॉड नावाचं, सप्रेसर अंगातच असलेलं पिस्तूल बनवलं. ते .३२ मध्ये होतं आणि ९ मिमीतही. आपोआप फिरणारं काहीच नाही. प्रत्येक गोळीनंतर मागची मूठ पिळून ओढायची. तिसरा आवाज त्यांनी असा मुळातूनच काढून टाकला. आत रबराच्या चकत्या, ज्यांतून गोळी स्वतः वाट काढत जाई, म्हणजे भोक जवळजवळ शून्य. किंमत अशी की थोड्याच गोळ्यांत रबर फाटायचं आणि नेम बिघडायचा. आजच्या सप्रेसरात रबर टाळतात ते त्यामुळेच. स्वित्झर्लंडच्या बी अँड टी कंपनीने हीच कल्पना नव्या काळात ९ मिमीत आणली आहे.

.४० एस अँड डब्ल्यूची १८० ग्रेनची गोळी सबसॉनिक असते, पण दाब ९ मिमीएवढा आणि भोक मोठं, दोन्हीकडचे तोटे. १० मिमी, .३५७ सिग, ५.७ बाय २८ ही काडतुसं तर मुळात वेगासाठीच जन्मलेली. रिव्हॉल्व्हर तर सोडूनच द्या, कारण चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतो. रशियन नागांत १८९५ हा एकच गाजलेला अपवाद: घोडा ओढला की त्याचं चक्र पुढे सरकून नळीला चिकटतं आणि काडतुसाची लांब पुंगळी ती फट बुजवते.

कॅलिबर ठरलं की पुढची डोकेदुखी आट्यांची. अमेरिकन ९ मिमी नळ्यांवर बहुतेक वेळा १/२ बाय २८ (अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे), ग्लॉक किंवा एचके या कंपन्यांच्या स्वतःच्या नळ्यांवर १३.५ बाय १ मिमी, आणि तो डावा आटा. .४५ ला .५७८ बाय २८ किंवा एचकेचा १६ बाय १ डावा. ‘बसतोय थोडासा’ म्हणून जबरदस्तीने पिळला की आटे गेले. .२२ पिस्तुलांवरही १/२ बाय २८ असतो, म्हणून .२२ चा सप्रेसर ९ मिमीच्या नळीवर बिनबोभाट बसतो. ही चूक एकदाच होते. ९ मिमीची गोळी .२२ च्या भोकातून जाऊ शकत नाही. पहिल्याच गोळीला सप्रेसर फाटतो आणि तुकडे कुठे जातील ते सांगता येत नाही. दोन्ही एकाच पेटीत ठेवत असाल तर .२२ च्या नळकांड्याला रंगीत टेप गुंडाळा.

९ मिमी आणि .४५ च्या बहुतेक पिस्तुलांत नळी गोळी सुटल्यावर मागे सरकून तिरकी होते, तेव्हा कुलूप उघडतं. तिच्या टोकाला तीनशे ग्रॅमचं नळकांडं टांगलं तर ती हलायलाच तयार होत नाही आणि दुसरी गोळी भरली जात नाही. यासाठी सप्रेसरच्या मागच्या बाजूला बूस्टर असतो, जुने लोक त्याला नील्सन डिव्हाइस म्हणतात: एक पिस्टन आणि एक स्प्रिंग. वायूचा दाब सप्रेसरला क्षणभर पुढे ढकलतो, तेवढ्या वेळात नळीला त्याचं वजन जाणवत नाही आणि ती सुटी झाल्यासारखी मागे जाते. पक्क्या नळीच्या पिस्तुलावर किंवा कार्बाइनवर लावताना ही स्प्रिंग काढून तिथे ठोस रिंग बसवायची. ती विसरलात तर सप्रेसर दर गोळीला धक्के खात राहतो आणि आतले भाग ठेचले जातात.

पिस्तूल अडकायला लागलं, पुंगळी खिडकीत उभी राहायला लागली, की लोक आधी काडतुसांना शिव्या देतात. आधी बूस्टर उघडा. पिस्टनवर काजळी जमून तो कोरडा पडला असेल तर तोच गुन्हेगार. पुसून, उच्च तापमानाच्या ग्रीसचा पातळ हात फिरवून परत बसवा. दर दोन-तीनशे गोळ्यांमागे हे करावंच. तरी अडकत असेल तर मग काडतूस किंवा स्लाइडची स्प्रिंग.

बऱ्याच बूस्टरमध्ये एक सोय असते जी माहितीपत्रकात कुठेतरी शेवटी लिहिलेली असते. सप्रेसर पुढे ओढून धरला की पिस्टनचे दाते सुटतात, आणि तो एक दाता फिरवून सोडला की गोळी लागण्याची जागा थोडी सरकते. गोळ्या दोन इंच डावीकडे जात असतील तर साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणांना, हात लावण्याआधी दाते फिरवून पाहा. एखाद्या जागी गोळ्यांचा गट मधोमध येतो. त्या जागी मार्करने खूण करा. साध्या साइट सप्रेसरच्या जाडीआड लपतात, उंच साइट बसवाव्या लागतात, तो खर्च आधीच धरून ठेवा.

पहिली गोळी झाडण्याआधी एक तपासणी करायचीच. पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर, चेंबरमध्ये बोट घालून खात्री. मग नळीच्या व्यासाची सरळ अलाइनमेंट रॉड सप्रेसर लावलेल्या नळीतून घाला आणि पुढून पाहा. रॉड भोकाच्या मधोमध दिसली पाहिजे, सगळीकडून सारखी फट सोडून. एका बाजूला टेकलेली दिसली तर झाडू नका. गोळी बॅफलला घासेल. दर मॅगझिननंतर सप्रेसर हाताने आवळून पाहा, पण कापडाने धरा. दोन-तीन मॅगझिनमध्ये तो हात पोळण्याइतका तापतो.

पाण्याची युक्ती खरी आहे. ९ मिमी किंवा .४५ च्या सप्रेसरमध्ये चहाचा चमचाभर, पाच मिलिलिटर पाणी घालून हलवून झाडलं तर पहिल्या काही गोळ्या ठळकपणे शांत होतात, कारण पाण्याची वाफ होताना वायूची उष्णता खाल्ली जाते. .४५ चा सुका-ओला फरक सगळ्यात मोठा, आणि ‘.४५ सगळ्यात शांत’ या समजामागे ओल्या सप्रेसरचे व्हिडिओ बरेच असावेत. तेल मात्र घालू नका, धुराने डोळे चुरचुरतात. आणि पाणी घालायचं तर कंपनीने परवानगी दिली आहे का ते आधी वाचा.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टपासून प्रत्येक सप्रेसरवर २०० डॉलरचा कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला, पण नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो आणि मंजुरीची वाट हे सगळं तसंच आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, डेलावेअर आणि हवाई इथे सर्वसामान्यांना सप्रेसर बाळगता येत नाही, म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनची आणि कॅलिफोर्नियातल्या बे एरियाची मराठी मंडळी तिथेच बाद. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर शिकार परवान्यासारखे ठरावीक अपवाद सोडून बंदूकच बाळगता येत नाही. मित्राच्या हातातलं घेऊन ‘दोन गोळ्या’ झाडण्याआधी वकिलाला विचारा. ‘सॉल्व्हंट ट्रॅप’, म्हणजे नळी साफ करतानाचं द्रव गोळा करायचं भांडं, या नावाने येणारे घरगुती जोडणीचे संच मंजुरीशिवाय सप्रेसर म्हणून वापरणं हा केंद्रीय गुन्हा आहे. भारतात तर प्रश्नच मिटतो: १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आवाज किंवा जाळ कमी करणारं साहित्य ‘अग्निशस्त्रा’च्या व्याख्येतच येतं, ९ मिमी हा निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, आणि आपल्याकडच्या परवानाधारकाच्या हाती दिसतो तो बहुधा .३२.

राहिली सफाई, आणि इथे .२२ आपल्या शांततेची वसुली करते. तिची गोळी उघड्या शिशाची किंवा नुसता तांब्याचा मुलामा दिलेली, त्यामुळे बॅफलवर शिसं थराथराने जमतं. तीनशे-पाचशे गोळ्यांत उघडला नाही तर बॅफल नळकांड्याला असे चिकटतात की लाकडी दांड्याने ठोकून काढावे लागतात. म्हणून .२२ चा सप्रेसर उघडता येणाराच घ्यावा. काढताना बॅफलचा क्रम फोटो काढून ठेवा. स्टीलच्या बॅफलना ओरखडून किंवा अल्ट्रासॉनिक टाकीत साफ करता येतं, ॲल्युमिनियमला मऊ हाताने. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण, ज्याला तिकडे ‘डिप’ म्हणतात, शिसं झटकन विरघळवतं खरं, पण त्यातून लेड ॲसिटेट तयार होतं, जे कातडीतूनही अंगात जातं, आणि ॲल्युमिनियमचे बॅफल त्यात खलास होतात. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये यातलं काहीही धुऊ नका, नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि खरवडलेला काळा चुरा झाकणाच्या डब्यात भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या.